तारेचं मन ओळखणारे खाँसाहेब

मित्रांनो, गॅदरिंग जवळ आलं की कॉलेजच्या प्रॅक्टिस रूममधून एक आवाज हमखास येतो. टंग्! इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार तुटली. मग तारेला शिव्या, दुकानदाराला शिव्या आणि नवीन सेट. दोन दिवसांनी पुन्हा टंग्! अशा वेळी आपल्या शेजारच्या मिरजेतल्या एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. गिटारशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण तार म्हणजे काय हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं असेल. ते म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव पडलं. घरातच गाणं होतं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. गळ्याबरोबर बोटंही तयार झाली, ते वीणा वाजवायचे. एवढंच नाही, तर बिघडलेली वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात बसलेला होता. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर आर्टिस्ट आणि मेकॅनिक, दोन्ही एकाच माणसात!

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात पोचले. तिथे माने घराण्यातल्या ताराबाईंशी त्यांचं प्रेम जमलं. त्या काळी हे कुणाला पचणार? दोघांनी बडोदं सोडलं, आधी मुंबई गाठली आणि मग मिरज. मिरजेत आजारपणात खाँसाहेब ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी आठवण तिथे आजही सांगतात. काही असो, मिरज त्यांना चिकटली ती कायमचीच.

आणि मिरजच का बरं शोभली? कारण ते गावच तंतुवाद्यांचं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम राजवटी गेल्या तसं कमी झालं. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तानपुरे आणि सतारी बनवायला घेतल्या. पुढे सतारमेकर हे आडनावच झालं. भोपळा, खुंट्या, मणी, घोडी, सगळं हाताने.

यातली घोडी, म्हणजे ब्रिज, नीट बघा. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार तिच्यावरून अलगद घासत पुढे जाते, म्हणून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. यालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. हा वक्र ब्रिज विज्ञानाला किती वेगळा वाटला, याबद्दल सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं. खाँसाहेब तर जवारी नीट लागल्याशिवाय आणि दोन तानपुरे एकजीव झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. किराणा घराण्याच्या गाण्यात सुराला जो मान आहे, त्याचं मूळ इथे आहे.

त्यांचा हा कान प्रयोगशाळेतही कामाला आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, श्रुतींचं गणित मांडत होते. त्यांनी खाँसाहेबांचे सूर तारेवर मोजून पाहिले आणि १९१० मध्ये पुस्तक काढलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सोनोमीटरवर जे करतो, तेच! फक्त इथे ट्यूनिंग फोर्कच्या जागी उस्तादांचा गळा होता.

त्या सोनोमीटरचा फॉर्म्युला जरा आठवा. लांबी आणि सूर तोच ठेवून जाड तार लावली तर ताणही तेवढ्याच पटीत वाढतो, म्हणजे स्ट्रेस तोच राहतो. म्हणून ‘जाड तार लावली की तुटणार नाही’ हे काही खरं नाही. साडेपंचवीस इंची गिटारच्या पहिल्या तारेत साधारण १४०० मेगापास्कल स्ट्रेस असतो. चांगली स्टीलची तार २००० च्या वर सहज सोसते. मग ती तुटते कशाने? जिथे ती एखाद्या धारेवर वाकते, तिथे! तुटलेला तुकडा हातात घ्या. ब्रिजपाशी तुटली असेल तर सॅडलवर कंगोरा आहे, बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करा. नटपाशी तुटली तर खाच अरुंद आहे, तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीपाशी तुटली तर भोकाची धार मोडा. मधेच तुटली तर गंज किंवा खराब फ्रेट. वाजवून झाल्यावर घाम पुसायला विसरू नका, कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नाहीच.

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. म्हैसूर दरबारी जाऊन कर्नाटक संगीतही आपलंसं केलं. सवाई गंधर्वांसारखा शिष्य घडवला. पण घर मात्र सुरात राहिलं नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नावही लावलं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावं आपण ऐकतो, ती त्यांचीच मुलं. तानपुऱ्याचा कण बिघडलेला ज्यांना ऐकू यायचा, त्यांना हे किती लागलं असेल! तरी गाणं थांबलं नाही. १९३४ नंतरच्या त्यांच्या रेकॉर्ड्स आजही लोक जपून ऐकतात.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर बिछाना घातला, तानपुरा जुळवायला सांगितला आणि दरबारी कानड्यात प्रार्थना गाता गाता २७ तारखेला त्यांनी देह ठेवला. शेवटच्या घटकेलाही आधी तार सुरात, मग गाणं!

मिरजेच्या त्याच दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ मोठे मोठे कलाकार गातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. कोल्हापूरहून रेल्वेने एकदा जाऊन याच. आणि मित्रांनो, पुढच्या वेळी तार तुटली की नवीन सेट आणायच्या आधी ती कुठे तुटली ते बघा. तार कधीच उगाच तुटत नाही, ती आपल्याला काहीतरी सांगत असते. खाँसाहेबांनी आयुष्यभर तेच तर ऐकलं!