डॉ. लूसी विल्स

परळच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मात्र पहाटेच्या अंधारात ते वाजू लागले, की चाळीचाळींतून माणसे लगबगीने बाहेर पडत. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी मुंबईस आलेली ही माणसे. त्यांत स्त्रियाही पुष्कळ असत. त्यांतील ज्या गरोदर असत, त्यांपैकी कित्येकींची कांती पांढरीफटक पडे. जिन्याच्या चार पायऱ्या चढताच धाप लागे आणि पायांवर सूज येई. रक्तातील तांबड्या पेशी कमी झाल्या, म्हणजे सर्व शरीराला पुरेसा प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. हा ताण फार वाढला, की हृदयच थकते. अशा स्थितीत रुग्णालयात आणलेल्या कित्येक माता मूल पाहण्यापूर्वीच दगावत.

ह्या पांडुरोगाचे कारण शोधण्यासाठी १९२८ साली एक इंग्रज स्त्री मुंबईस आली. तिचे नाव लूसी विल्स.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र ह्या विषयांचा अभ्यास केला. १९११ साली तो संपला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी काही काळ रुग्णशुश्रूषा केली आणि त्यानंतर वैद्यकाकडे त्यांचे मन वळले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या १९२० साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. रोगी तपासण्यापेक्षा रोगाचे मूळ शोधण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता.

डॉ. मार्गारेट बॅल्फोर ह्या हिंदुस्थानात मातांच्या मृत्यूंची चौकशी करीत होत्या. त्यांच्या बोलावण्यावरून लूसीबाई परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या. प्लेगची लस करणारी म्हणून ही संस्था तेव्हा सर्वांना ठाऊक होती. प्रथम बाईंना वाटले, की हा रोग एखाद्या जंतूमुळे होत असावा. त्यांनी कसून तपासणी केली; जंतू सापडला नाही. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून दृष्टी काढून ताटाकडे वळविली. कोणत्या घरातील स्त्रिया काय खातात, ह्याची त्यांनी चौकशी केली. ज्यांच्या वाट्याला पालेभाजी, फळे व दूध क्वचितच येई, त्याच स्त्रियांना हा रोग अधिक होतो, असे दिसून आले.

पण दिसणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. बाईंनी तसेच निकस अन्न उंदरांना दिले. उंदरांनाही पांडुरोग झाला आणि अन्नात यीस्ट मिसळताच तो टळला. सारे मनासारखे घडत असतानाच, उंदरांच्या अंगावर उवा झाल्या असल्याचे आढळले! रोग अन्नामुळे झाला की उवांमुळे, हे आता कोणी सांगावे? दुसऱ्या कोणी ही गोष्ट दडपली असती. बाईंनी माकडांवर सर्व प्रयोग पुन्हा केले.

इंग्लंडात मार्माइट नावाचा एक तपकिरी, खारट पदार्थ पावाला लावून खातात. बीअर करताना उरलेल्या यीस्टचा तो अर्क असतो. पदार्थ स्वस्त, गोरगरिबांना परवडेल असा. तो दिल्यावर आजारी माकड सुधारले. मग रुग्ण स्त्रियांना तो देण्यात आला. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. हा वृत्तान्त १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्याला वैद्य मंडळी विल्स घटक म्हणू लागली.

ते द्रव्य कोणते, हे कळण्यास आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून ते वेगळे काढले. लॅटिन भाषेतील पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

नाशिकला द्वारकेजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापक असताना आठवड्यातून एकदा मुलामुलींना निळी गोळी दिली जाई. तिच्यात लोह आणि हेच फोलिक आम्ल असते. काही मुले ती हळूच खिडकीबाहेर टाकीत आणि आपण ती गिळल्याचे सांगत. त्यांना परळच्या त्या स्त्रियांची हकीकत तेव्हाच सांगावयास हवी होती, असे मला आता वाटते.

लूसीबाई १९३७-३८ मध्ये पुन्हा हाफकिन संस्थेत काम करून गेल्या. पुढे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून त्या १९४७ साली निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेत त्या सायकलवरून जात. निवृत्तीनंतरही आहार आणि पांडुरोग ह्यांच्या अभ्यासासाठी त्यांनी जमेका, फिजी असे दूरचे प्रवास केले. त्यांनी लग्न केले नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी जगातील कितीतरी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांना फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जात होत्या.