पोटमाळ्यावर मोजलेली हवा

तेल तापले की पातळ होते, काकवीही होते. वायूंचे मात्र उलटे असते. तापल्यावर त्यांची श्यानता, म्हणजे वाहताना आतल्या आत होणारा विरोध, वाढते. एडिंबरोत १८३१ साली जन्मलेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण वायूंच्या या चिकटपणानेही त्यांना बरेच छळले.

वायू म्हणजे सैरावैरा धावणारे रेणू, असे मानून त्यांनी १८६० मध्ये गणित मांडले. उत्तर त्यांनाच खटकले. वायू विरळ केला तरी श्यानता तेवढीच राहायला हवी होती! कारण असे, की रेणू कमी झाले तरी प्रत्येकाला टक्कर होण्यापूर्वी जास्त लांब जाता येते आणि तो आपला वेग दूरच्या थरापर्यंत पोहोचवतो. तोटा आणि फायदा सारखेच. त्यांना माहीत असलेला एकमेव प्रयोग मात्र याच्या विरुद्ध जात होता. तो खरा असता, तर सगळा सिद्धांतच अडचणीत येणार होता.

मग लंडनमधल्या केन्सिंग्टनच्या घरी, पोटमाळ्यावर, त्यांनी स्वतःच मोजायचे ठरवले. पोलादी तारेला काचेच्या तीन तबकड्या टांगल्या, त्या स्थिर तबकड्यांच्या मधोमध हेलकावू दिल्या आणि हेलकावे किती लवकर मंदावतात ते टिपले. दाब पाऱ्याच्या ३० इंचांवरून अर्ध्या इंचावर आणला, तरी फरक पडेना. तापमान बदलायचे तर खोलीच तापवावी लागे. भर उन्हाळ्यात शेगडी धगधगत ठेवायची, किटल्यांची वाफ खोलीत सोडायची. नंतर थंडाव्यासाठी बर्फ. आगीवर नजर पत्नी कॅथरिन यांची. या कामाचे श्रेय त्यांना आणखी मिळायला हवे.

१८६६ मध्ये हे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे आले. श्यानता निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांचे अनुमान पुढच्या मोजमापांत थोडे जास्त ठरले; दाबाचे अनुमान टिकले. त्यांनी हवा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासले. ईथरसारख्या सेंद्रिय बाष्पांची पाळी नंतर आली. ईथरच्या बाष्पाची श्यानता त्याच तापमानाच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी भरते. शिवाय अशी बाष्पे द्रवरूप होण्याच्या बेतात आली, की रेणूंची परस्परांवरची ओढ जाणवू लागते आणि दाबाचा नियमही ढिला पडतो.

मॅक्सवेल ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिजमध्ये पोटाच्या कर्करोगाने गेले. वय अवघे ४८. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आईही याच आजाराने गेली होती.