वकिलीची सनद आणि गानविद्या : कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी एक जुनाच वाद नव्याने उभा राहतो. मुलाचे चित्त एका विद्येत गुंतलेले असते आणि वडीलधाऱ्यांचा आग्रह चार पैसे मिळवून देणाऱ्या दुसऱ्या विद्येचा असतो. अशा एका वादात दोन्ही पक्षांनी पंडित भातखंड्यांचाच दाखला दिलेला प्रस्तुत लेखकाने ऐकला आहे. पंडितजींनी वकिली सोडून गाणे धरले, हे चिरंजीवांचे म्हणणे; सोडण्यासाठी का होईना, आधी वकिली मिळवली होती, हे तीर्थरूपांचे. दोघांचेही खरे असल्यामुळे हे चरित्र जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

विष्णुपंतांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. गाण्याची गोडी बालपणापासूनची. विद्यार्थिदशेतच त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले, आणि १८८४ साली ते पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदाची तालीम मिळाली. मात्र याच काळात कॉलेजचा अभ्यासही अखंड चालू होता. १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली एल्एल्. बी. झाले. संगीत घेऊन पदवीधर होण्याची सोय त्या वेळी मुंबई विश्वविद्यालयात नव्हतीच. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालयसुद्धा १९०१ सालचे. म्हणजे आजच्या मुलापुढे असतात तशा दोन वाटा त्यांच्यापुढे नव्हत्या. एक वाट होती, आणि दुसरी अद्याप कोणी पाडलेली नव्हती.

काही काळ त्यांनी कराचीस वकिली केली व पुढे मुंबईस येऊन तोच व्यवसाय चालविला. दिवसा कज्जेदलाली आणि उरलेल्या वेळात संगीतावरील संस्कृत ग्रंथांचे अध्ययन, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९०० साली पत्नी निवर्तली, १९०३ साली एकुलती एक कन्याही गेली. संसार असा अकाली आटोपल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वकिलीच्या मिळकतीवर आता कोणाचा भार उरला नव्हता. ती त्यांनी प्रवासाकडे लावली.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा पाहून एट्टयपुरम येथे त्यांनी सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली. व्यंकटमखीची बहात्तर मेळांची रचना त्यांना या प्रवासात जवळून अभ्यासता आली. पुढे हैदराबाद, कलकत्ता, काशी, जयपूर, बिकानेर असा उत्तरेचा प्रवास झाला. जेथे पोथी असेल तेथे नक्कल करावी, जेथे गायक असेल तेथे बसून प्रश्न विचारावेत, ही त्यांची रीत. गवयांनी आपली चीज सहजासहजी परक्यास द्यावी असा तो काळ नव्हता. पिढीजात विद्या हेच त्यांचे वतन. ते राखण्यात त्यांचे काही चुकत होते असे आम्हांस वाटत नाही. तरीही जयपूरचे महंमद अली खाँ यांच्यासारख्यांनी आपले भांडार मोकळे केले, आणि रामपूरला वझीर खाँ यांचे शिष्यत्व पंडितजींनी नम्रपणे पत्करले.

या हिंडण्यातून त्यांच्या ध्यानी आले की, जुने ग्रंथ सांगतात ते राग आणि गवई गातात ते राग यांचा मेळ बसत नाही. मग प्रमाण कोणते मानावयाचे? येथे त्यांच्यातला वकील उपयोगी पडला, असे आमचे मत आहे. रीतसर सिद्ध झालेली रूढी ही लिखित वचनाहून बलवत्तर, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने हिंदू कायद्यासंबंधी १८६८ साली दिला होता व तो त्या काळच्या कायद्याच्या विद्यार्थ्यास माहीत असे. पंडितजींनीही संगीतात तोच कौल दिला : आज जे गाइले जाते तेच प्रमाण, आणि शास्त्र त्याला अनुसरून मांडावयाचे. म्हणून ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिलेल्या आपल्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीत’ हे नाव दिले. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेले गायन. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे मराठीतील चार भाग तर गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतच आहेत; वाचताना साक्षीदाराची उलटतपासणी चालली आहे असा भास होतो.

१९१० च्या सुमारास त्यांनी वकिली कायमची सोडली. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. चिरंजीवांनी हा आकडा जरा लक्षात घ्यावा. आणि तीर्थरूपांनी हेही की, सनद हाती आल्यावर गाण्याचा एक दिवसही त्यांनी उद्यावर टाकला नव्हता.

पुढचे कार्य प्रसिद्धच आहे. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त अठराशेहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. त्यांच्या दहा थाटांच्या वर्गीकरणावर अनेक जाणकारांनी आक्षेप घेतले व ते सर्वस्वी निराधार नाहीत. पुष्कळ राग त्या चौकटीत ओढूनताणून बसवावे लागतात. पण वाद घालण्यापुरती तरी एक समान भाषा या वर्गीकरणामुळे सर्वांना मिळाली.

१९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज त्यांच्या प्रयत्नाने निघाले. लखनौच्या संस्थेची धुरा पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वाहिली. हे रातंजनकरही मुंबई विश्वविद्यालयाचे बी. ए. होते. शिष्याने आधी पदवी घ्यावी की थेट गाण्यात उतरावे, हा प्रश्न त्यांच्याही घरी निघाला असेलच.

१९३३ साली पंडितजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. लखनौच्या त्या कॉलेजाला पुढे त्यांचे नाव मिळाले, २००० साली त्यास अभिमत विश्वविद्यालयाचा दर्जा लाभला, आणि १८८५ साली जी पदवी विष्णुपंतांना कोठेही मागता आली नसती ती तेथे मिळू लागली.