मार्गारेट डेहॉफ

मार्गारेट ओकली डेहॉफ (जन्म : ११ मार्च १९२५, फिलाडेल्फिया, मृत्यू : ५ फेब्रुवारी १९८३) या अमेरिकन भौतिक रसायनशास्त्रज्ञ आणि जैवमाहितीशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. प्रथिनांच्या ज्ञात रचना एकत्र करून त्यांचा पहिला व्यापक संग्रह त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. जीवशास्त्रातील आजच्या खुल्या माहितीसंग्रहांची परंपरा या संग्रहापासून सुरू झाली असे मानले जाते. मात्र त्यांचा स्वतःचा संग्रह पूर्णतः खुला नव्हता आणि त्याची किंमत त्यांना कारकिर्दीच्या अखेरीस मोजावी लागली.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

डेहॉफ दहा वर्षांच्या असताना त्यांचे कुटुंब न्यू यॉर्कला स्थायिक झाले. न्यू यॉर्क विद्यापीठातून त्यांनी १९४५ मध्ये गणिताची पदवी घेतली. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात जॉर्ज किंबॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पुंज रसायनशास्त्रात संशोधन केले आणि १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या कामात त्यांनी व्यापारी हिशेबासाठी वापरली जाणारी छिद्रपत्रांची यंत्रे रेणूंच्या ऊर्जेची गणिते सोडवण्यासाठी वापरली. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड डेहॉफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

कारकीर्द

डेहॉफ १९६० मध्ये मेरीलँड राज्यातील नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेत सहसंचालक म्हणून रुजू झाल्या. संस्थेचे प्रमुख रॉबर्ट लेडली हे वैद्यकात संगणकाच्या वापराचा आग्रह धरणारे संशोधक होते.

फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम उलगडल्यानंतर इतर प्रथिनांवरही असे काम सुरू झाले होते. प्रयोगशाळेत प्रथिनाची लांब साखळी तुकड्यातुकड्यांनी वाचली जाई आणि मग ते तुकडे योग्य क्रमाने जुळवावे लागत. हाताने करण्यास अत्यंत किचकट असलेली ही जुळणी आयबीएम ७०९० संगणकाकडून करून घेणारा 'कॉमप्रोटीन' हा कार्यक्रम डेहॉफ व लेडली यांनी १९६२ मध्ये मांडला. याच दशकात त्यांनी कार्ल सेगन यांच्यासह ग्रहांच्या वातावरणातील रासायनिक समतोलाचाही अभ्यास केला.

प्रथिनांचा संग्रह

उलगडलेले अनुक्रम वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. डेहॉफ, रिचर्ड एक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळा केले, तपासले, छिद्रपत्रांवर उतरवले आणि १९६५ मध्ये 'ॲटलास ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत ६५ अनुक्रम होते. पुढील आवृत्त्या व पुरवण्या १९७८ पर्यंत निघत राहिल्या.

संगणकाच्या स्मृतीत जागा वाचावी म्हणून त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांऐवजी एकच अक्षर योजले. उदाहरणार्थ, ग्लायसिनसाठी 'जी' आणि ट्रिप्टोफॅनसाठी 'डब्ल्यू'. ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे.

संग्रहामुळे निरनिराळ्या जीवांतील एकाच प्रथिनाची तुलना शक्य झाली. एक व डेहॉफ यांनी १९६६ मध्ये फेरेडॉक्सिन या प्रथिनाच्या उत्क्रांतीचा मागोवा घेतला, तसेच अनुक्रमांवरून वंशवृक्ष काढण्यासाठी संगणकाचा वापर केला. १९७८ मध्ये त्यांनी परस्परांशी जवळचे नाते असलेल्या प्रथिनांच्या ७१ गटांतील १,५७२ बदल मोजून 'पीएएम' सारणी सिद्ध केली. उत्क्रांतीच्या ओघात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येण्याची शक्यता किती, हे त्या सारणीवरून कळते. इतरांनी प्रसिद्ध केलेली माहिती एकत्र आणल्याखेरीज असे निष्कर्ष काढणे शक्य नव्हते.

मालकी आणि खुलेपणाचा प्रश्न

संकलन हे दुय्यम दर्जाचे काम आहे, अशी तत्कालीन जीवशास्त्रज्ञांची सर्वसाधारण धारणा होती. त्यामुळे संग्रहासाठी स्थिर अनुदान मिळवणे डेहॉफ यांना सतत कठीण गेले. खर्च भागवण्यासाठी ग्रंथ आणि चुंबकीय फिती विकल्या जात. संग्रहावर संस्थेचा स्वामित्वहक्क होता आणि त्याचे पुनर्वितरण करण्यास मनाई होती. परंतु मूळ अनुक्रम असंख्य प्रयोगशाळांच्या श्रमांतून आलेले असल्याने ही व्यवस्था अनेक संशोधकांना अन्याय्य वाटे. अप्रकाशित अनुक्रम संग्रहाकडे सोपवण्यास ते राजी नसत.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीएनएचे अनुक्रम वाचण्याच्या वेगवान पद्धती आल्या आणि राष्ट्रीय संग्रहाची निकड भासू लागली. डेहॉफ यांच्या गटाने १९८० मध्ये आपला न्यूक्लिइक आम्लांचा संग्रह दूरध्वनीमार्गे उपलब्ध करून दिला. न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत वॉल्टर गोड यांचाही असाच प्रयत्न चालू होता. गोड यांच्या गटाने माहितीवर कोणताही मालकी हक्क न सांगता ती आर्पानेट या संगणक जाळ्यावरून सर्वांना देण्याची तयारी दाखवली. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने १९८२ मध्ये 'जेनबँक' या संग्रहाचे कंत्राट बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी व लॉस अलामोस यांना दिले. या निवडीमागे खुलेपणाचा मुद्दा महत्त्वाचा होता. दीर्घ अनुभव असूनही डेहॉफ यांच्या संस्थेला हे काम मिळाले नाही.

निधन आणि वारसा

त्यानंतर वर्षभराच्या आतच, वयाच्या ५७ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने डेहॉफ यांचे निधन झाले. अमेरिकेतील बायोफिजिकल सोसायटीच्या सचिव आणि अध्यक्ष ही दोन्ही पदे त्यांनी भूषवली होती. या संस्थेने त्यांच्या नावे महिला संशोधकांसाठी पुरस्कार सुरू केला.

त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स' हा प्रकल्प उभारून संग्रहाचे काम पुढे चालू ठेवले. २००२ मध्ये हा प्रकल्प युरोपातील दोन संस्थांसह 'युनिप्रॉट'मध्ये सहभागी झाला. डेहॉफ यांनी छिद्रपत्रांवर सुरू केलेल्या कामाचा हा वारसा आज जगातील कोणत्याही संशोधकास विनामूल्य वापरता येतो आणि त्याचे पुनर्वितरणही करता येते.