नियम पाळणाऱ्याची बदनामी

माणसाचे नाव त्याच्या कर्तृत्वाने मागे राहावे, अशी आपली समजूत असते. विनू मंकड यांच्या बाबतीत नियतीने थोडा वेगळा न्याय केला. ४४ कसोटी सामने, २१०९ धावा, १६२ बळी आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर कसोटीत फलंदाजी, एवढे ज्याच्या नावावर आहे, त्याचे नाव जगभरच्या क्रिकेटमध्ये अनेक वर्षे घेतले गेले ते एका धावबादसाठी, आणि तेही नाक मुरडून.

मुळवंतराय हिंमतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरचा. तिथेच इंग्रज प्रशिक्षक बर्ट वेन्सली यांनी त्यांच्या डावखुऱ्या फिरकीला वळण लावले. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. पहिली कसोटी खेळायला मिळाली ती १९४६ साली लॉर्ड्सवर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या दौऱ्यात त्यांनी हजारांवर धावा आणि शंभरांवर बळी असा दुहेरी पराक्रम केला. पुढच्याच वर्षी लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला, आणि तिथे ते प्रकरण घडले.

गोलंदाजाच्या बाजूला उभा असलेला बिल ब्राऊन चेंडू टाकला जाण्याआधीच क्रीज सोडून धाव चोरत असे. दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात मंकड यांनी त्याला एकदा ताकीद दिली होती, आणि तरीही सवय गेली नाही तेव्हा बादही केले होते. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत ब्राऊन पुन्हा तसाच पुढे निघाला. मंकड यांनी चेंडू न टाकता बेल्स उडवल्या. ब्राऊन १८ धावांवर धावबाद. काही ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी खिलाडूवृत्तीच्या नावाने गळा काढला. गंमत अशी, की ज्यांचा फलंदाज गेला त्या संघाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी १९५० सालच्या आपल्या आत्मचरित्रात मंकड यांचीच बाजू घेतली. नियम आहे, फलंदाज गैरफायदा घेत होता, मग गोलंदाजाचे चुकले काय, असा त्यांचा रोख होता. पण तोवर मंकड यांच्या नावाचे क्रियापद झाले होते.

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी जत्रेतल्या कुस्त्या आणि कबड्डीचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला हा वाद समजावून सांगणे कठीण आहे. कुस्तीत सलामी होते, हातात हात दिला जातो. त्यानंतर समोरच्याचे लक्ष क्षणभर चळले आणि डाव टाकला, तर त्याला टाळ्याच मिळतात. आधी सांगून डाव टाकणारा पैलवान कुणी पाहिला आहे? कबड्डीत रेषेबाहेर पाय पडला की गडी बाद. ताकीद का दिली नाही, असे कुणी विचारत नाही. बेसबॉलमध्ये तर तळ सोडून पुढे सरकलेल्या धावपटूला फेकी करून टिपणे हे कौशल्यच मानले जाते. उलट गोल्फमध्ये खेळाडू आपली चूक आपणच जाहीर करतो, आणि टेनिसमध्ये चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला, तर गुण जिंकणाराच हात वर करून दिलगिरी दाखवतो. प्रत्येक खेळाची रीत निराळी. ती त्या खेळाच्या जन्माबरोबर येते.

क्रिकेटची रीत कुठून आली? इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत हौशी सद्‌गृहस्थ आणि पगारी खेळाडू असा भेद पाळला जाई. अनेक मैदानांवर दोघांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. सद्‌गृहस्थांची ओढ फलंदाजीकडे, घाम गाळून गोलंदाजी करायची ती बहुधा पगारी खेळाडूने. तेव्हा अलिखित सभ्यता फलंदाजाच्या सोयीची झाली, यात नवल ते काय! दोन पावले चोरणारा फलंदाज चलाख ठरला आणि चोरी पकडणारा गोलंदाज असभ्य.

असभ्यपणाच मोजायचा, तर १९५२ साल आठवावे. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला मंकड यांनी इंग्लंडचे १२ बळी घेऊन भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. लगेच येणाऱ्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांनी निवडीची हमी मागितली. ती मिळाली नाही. पोटापाण्यासाठी त्यांनी लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचे शून्यावर चार गडी गेले, तेव्हा मंडळाला विनूभाई आठवले. क्लबकडून त्यांना मागून घेण्यात आले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एकाच डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. भारत हरला, तरी तो सामना मंकड यांचा म्हणूनच ओळखला जातो. हमी नाकारल्याचा राग त्यांनी मैदानात आणला नाही. खिलाडूवृत्तीच्या पाठ्यपुस्तकात हा धडा मात्र नाही.

जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा करताना त्यांनी पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली. हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. सहा कसोटींत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. पुढे मुंबईतच ते स्थिरावले. मुलगा अशोक कसोटीपटू झाला. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. वानखेडे स्टेडियमजवळचा रस्ता आणि १९ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने आहे. २०२१ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्येही त्यांचा समावेश झाला.

त्या धावबादला मंकड यांचे नाव लावू नये, असे सुनील गावसकर सातत्याने सांगत आले. २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असेच बाद केले, तेव्हा जुनाच गदारोळ पुन्हा उठला. आठवड्याभरातच, १ ऑक्टोबरपासून, अयोग्य खेळाच्या प्रकरणातून हा नियम काढून साध्या धावबादच्या प्रकरणात घालण्यात आला. सिडनीनंतर त्याला पाऊणशे वर्षे लागली. नियमपुस्तकाने आपली चूक दुरुस्त केली. आता ती दुरुस्ती बोलण्यात यायला हवी, आणि ते काम आपल्यासारख्या खेळ पाहणाऱ्यांचे आहे.