अरण्यातील यजमान : जॉन म्यूर

शाळेचे बालवीर पथक डोंगरावर मुक्कामास निघाले म्हणजे वर्गात दोन प्रकारचे चेहरे दिसू लागतात. ज्यांस घरून परवानगी मिळाली त्यांचे एक, आणि ज्यांस ती मिळाली नाही त्यांचे दुसरे. परवानगी न देणाऱ्या पालकांची काळजी खोटी असते असे नाही. रानात थंडी असते, विंचूकाटा असतो, आणि अंथरूण म्हणून जमिनीवर पसरलेली एक घोंगडी काय ती असते. चार भिंतींच्या आत सुखाने निजावयाचे सोडून मुलांनी झाडाखाली का निजावे, हा प्रश्न सुज्ञ मनुष्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर एका पुरुषाने आपल्या सबंध आयुष्याने देऊन ठेवले आहे. त्या पुरुषाचे नाव जॉन म्यूर. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे, आणि घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांसही वाचून दाखवावे, अशी इच्छा आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डनबार ह्या गावी २१ एप्रिल १८३८ रोजी जॉनचा जन्म झाला. त्याचे वडील डॅनियल म्यूर हे धान्याचे व्यापारी असून धर्माचरणात अतिशय कडक होते. मुलांनी पवित्र शास्त्र मुखोद्गत करावे असा त्यांचा दंडक असे, आणि त्या दंडकामागे खरोखरीचा दंडही असे. अकरा वर्षांचा होईतो जॉनला संपूर्ण नवा करार आणि जुन्या कराराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाठ येऊ लागला. पण त्यातील पुष्कळसा छडीच्या धाकाने! ईश्वराचे वचन त्याच्या जिभेवर बसले. ते हृदयात उतरावयास मात्र पुढे अरण्याची गरज लागली.

१८४९ साली हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांती जाऊन राहिले. तेथे रान तोडून शेत करावयाचे होते. वडील उपदेश करीत फिरत आणि नांगर मुलांच्या हाती येई. एकदा शेतावर विहीर खोदण्याचे काम निघाले. सुरुंगाचा उपयोग होईना, तेव्हा हातोडा आणि छिन्नी देऊन जॉनला बादलीत बसवून खाली सोडण्यात येऊ लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा खडक फोडीत असे. असे महिनोन्‌महिने चालले. सुमारे ऐंशी फूट खोलीवर एके सकाळी तळाशी विषारी वायू साचला होता. जॉनची शुद्ध जाऊ लागली. महत्प्रयासाने तो बादलीत चढला आणि वर ओढला गेला. एकदोन दिवसांनी वायू घालविण्याची तजवीज झाल्यावर त्याला पुन्हा खाली जावे लागले, आणि नव्वद फुटांच्या सुमारास पाणी लागले.

अशा घरात वाचनाला वेळ कोठून मिळणार? वडिलांनी रात्री जागण्यास मनाई केली होती, परंतु पहाटे हवे तितक्या लवकर उठण्यास ना नव्हती. जॉन रात्री एक वाजता उठू लागला! तळघराच्या थंडीत बसून तो वाचीत असे आणि लाकडाची यंत्रे करीत असे. त्याने लाकडी घड्याळे केली. नेमलेल्या वेळी निजलेल्या मनुष्यास उभा करणारा पलंगही त्याने केला. १८६० साली मॅडिसन शहरच्या प्रदर्शनात लोक ही यंत्रे पाहून थक्क झाले. पुढे तेथील विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. तेथे एका सहाध्यायाने एका उंच वृक्षाचे फूल त्याच्या हाती देऊन तो वृक्ष व वाटाण्याचा वेल हे एकाच कुळातील कसे, हे समजावून दिले. त्या दिवसापासून जॉनला वनस्पतिशास्त्राचे वेड लागले.

तरीही तो यंत्रांच्या कारखान्यातच जन्म काढता, जर एक दुर्घटना घडली नसती. मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथील कारखान्यात काम करीत असता हातातील कानस निसटून त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली. थोड्या वेळाने दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. आपण फुले, रान, डोंगर पुन्हा पाहणार नाही, ह्या विचाराने त्याचे मन विदीर्ण झाले. देवाच्या दयेने दृष्टी परत आली. आणि ह्यापुढे आपले डोळे मनुष्याच्या यंत्रांसाठी नव्हे, तर ईश्वराच्या सृष्टीसाठी वेचावयाचे, असा त्याने निश्चय केला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो केंटकी प्रांतातून पायी निघाला व सुमारे हजार मैल चालून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर पोहोचला. त्याच्या लहानशा पिशवीत नवा करार, मिल्टनचे महाकाव्य व बर्न्सच्या कविता होत्या. वाटेत सॅव्हाना शहराजवळ पैसे संपले असता त्याने कित्येक रात्री कबरस्थानात झाडाखाली झोपून काढल्या. शेवटी हिवतापाने त्याला गाठले. पण पाऊल मागे फिरले नाही. १८६८ साली तो कॅलिफोर्नियास आला आणि सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी दरीकडे चालू लागला.

येथून म्यूर ह्यांचे खरे आयुष्य सुरू झाले. १८६९ च्या उन्हाळ्यात ते मेंढरांच्या कळपाबरोबर उंच कुरणांवर गेले. मेंढरे सांभाळता सांभाळता, ही मेंढरे कोवळी रोपे व फुले मुळासकट कशी फस्त करितात हे त्यांनी पाहिले, आणि पोटाचा धंदाच आपल्या प्रिय रानाचा शत्रू आहे हे त्यांना उमगले. पुढील काही वर्षे ते दरीतच राहिले. पोळीचा तुकडा आणि चहा एवढ्या शिधेवर ते दिवसेंदिवस भटकत. ही दरी भूमीचा तळ खचल्यामुळे झाली, असे त्या काळचे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ व्हिट्नी म्हणत. ती हिमनद्यांनी कोरली आहे, असे म्यूर ह्यांचे म्हणणे होते. मेंढपाळाचे म्हणणे म्हणून ते हसण्यावारी नेण्यात आले. म्यूर ह्यांनी १८७२ साली एका हिमनदीत काठ्या रोवून ती दिवसाला सुमारे एक इंच सरकते, हे मोजून दाखविले. दरीच्या घडणीत हिमनद्यांचा मोठा वाटा आहे, हे आज सर्वमान्य आहे.

त्यापूर्वी, १८७१ च्या मे महिन्यात, तत्त्वज्ञ एमर्सन योसेमिटीस आले. म्यूर ह्यांनी त्यांचे ग्रंथ भक्तिभावाने वाचले होते. त्यांनी ह्या थोर पाहुण्यास महाकाय सिक्वोया वृक्षांखाली एक रात्र उघड्यावर काढण्याचे आमंत्रण दिले. एमर्सन ह्यांची इच्छाही दिसली. पण त्यांचे वय सदुसष्ट होते. सोबतच्या मित्रमंडळींस त्यांना सर्दी होईल अशी भीती वाटली, आणि ते त्यांना घेऊन निघून गेले. सहस्रावधी वर्षांच्या त्या वृक्षांखाली म्यूर ह्यांनी एकट्यानेच शेकोटी पेटविली. मित्रांचे प्रेम खोटे नव्हते. परंतु त्या प्रेमामुळे एक रात्र गेली ती गेलीच. एमर्सन तेथे पुन्हा कधी आले नाहीत.

म्यूर एकटे हिंडत म्हणून त्यांना मनुष्याची पर्वा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १८७९ साली अलास्कात ते यंग नावाच्या तरुण मिशनरी मित्राबरोबर एका शिखरावर चढले. माथ्याजवळ यंग घसरले आणि त्यांचे दोन्ही खांदे निखळले. खाली खोल कडा होता. म्यूर ह्यांनी खालच्या बाजूने येऊन त्यांना धरले, त्यांच्या अंगरख्याची कॉलर आपल्या दातांत पकडली, आणि हातापायांनी खडक धरीत त्यांना संकटातून सोडविले. मग रात्रभर आधार देत त्यांना मुक्कामी आणले.

१८८० साली म्यूर ह्यांचा विवाह लुई स्ट्रेंट्झेल ह्यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली झाल्या, आणि सुमारे दहा वर्षे ते मार्टिनेझ येथील फळबागांत राबले. पैसा मिळाला, प्रकृती मात्र खालावली. तेव्हा बागेचा मोह सोडून डोंगरावर जाण्यास त्यांना त्यांच्या पत्नीनेच आग्रहाने सुचविले. अशी साध्वी लाभणे हे मोठे भाग्य होय.

१८८९ च्या जूनमध्ये जॉन्सन नावाचे एक मासिकाचे संपादक त्यांच्यासह टुऑलमी कुरणावर तळ देऊन राहिले. मेंढरांनी उजाड केलेली ती भूमी पाहून, ह्या साऱ्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान करावे, असा बेत दोघांनी शेकोटीपाशी बसून केला. म्यूर ह्यांनी लेख लिहिले, जॉन्सन ह्यांनी राजधानीत खटपट केली, आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेच्या कायदेमंडळाने तसा कायदा केला. एका शेकोटीचे हे फळ! १८९२ साली १८२ सभासदांनिशी सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली. म्यूर तिचे पहिले अध्यक्ष झाले व मरेपर्यंत अध्यक्ष राहिले.

परंतु कायदा कागदावर असतो, आणि रान डोंगरावर असते. ज्यांनी ते कधी पाहिले नाही ते त्याच्यासाठी का झगडतील? म्हणून संस्थेचे चिटणीस विल्यम कोल्बी ह्यांनी दरवर्षी सभासदांस पर्वतावर सामुदायिक मुक्कामास न्यावे अशी सूचना केली, आणि म्यूर ह्यांनी ती आनंदाने उचलून धरली. १९०१ च्या जुलैत पहिला मेळा त्याच टुऑलमी कुरणावर उतरला. समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांवरील त्या जागी शंभरास चार कमी इतकी मंडळी जमली. त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या, आणि म्यूर ह्यांच्या दोन्ही मुलीही होत्या. सामान खेचरांच्या पाठीवर, स्वयंपाक एकत्र, निजणे आकाशाखाली. दिवसा शिखरांवर चढाई आणि रात्री शेकोटीभोवती विद्वानांची व्याख्याने, असा क्रम असे. तीस वर्षांपूर्वी एका पाहुण्यासाठी ज्यांनी व्यर्थ वाट पाहिली, त्यांच्या अंगणात आता शेकडा माणसे पाहुणी आली! हे मेळे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले.

दोन वर्षांनी आणखी एक पाहुणा आला. तो प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होता. मे १९०३ मध्ये त्यांच्या स्वागतासाठी दरीत मेजवानी व आतषबाजीची तयारी झाली होती. त्यांनी ती बाजूस सारली व म्यूर ह्यांच्यासह तीन रात्री उघड्यावर काढल्या. पहिली रात्र सिक्वोयांखाली गेली. दुसऱ्या रात्री उंचावर बर्फ पडले, आणि सकाळी पाहतात तो पांघरुणांवर चार-पाच इंच बर्फ! बालपणी दम्याने पिडलेला हा गृहस्थ त्यामुळे खिन्न न होता उलट हर्षभरित झाला. त्या रात्री म्यूर ह्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. अरण्याच्या रक्षणाविषयीच ते बोलले. योसेमिटी दरी व सिक्वोयांचे ते वन १८६४ पासून कॅलिफोर्निया प्रांताच्या ताब्यात होते व त्यांची निगा नीट राहत नव्हती. १९०६ साली तीही राष्ट्रीय उद्यानात आली. रूझवेल्ट ह्यांनी आपल्या कारकिर्दीत पाच नवी राष्ट्रीय उद्याने व विस्तीर्ण राखीव वने निर्माण केली.

त्याच १९०३ साली म्यूर पृथ्वीपर्यटनास निघाले व त्या प्रवासात आपल्या देशातही आले. हिमालय व त्यावरील देवदारांची वने त्यांनी डोळे भरून पाहिली.

शेवटचा झगडा मात्र ते हरले. योसेमिटीच्या उत्तरेस हेच हेची नावाची तशीच सुंदर दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहरास पाणी हवे होते. १९०६ च्या भूकंपाने व आगीने ती निकड सर्वांस पटली होती. तेथे धरण बांधू नये म्हणून म्यूर कित्येक वर्षे झुंजले. पण १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांची धरणाच्या कायद्यावर सही झाली. एका वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथील रुग्णालयात फुप्फुसाच्या दाहाने म्यूर ह्यांचा अंत झाला. उशाशी अलास्कावरील अपुऱ्या ग्रंथाची हस्तलिखिते होती. मात्र १९१६ साली सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले, आणि ज्या मागणीस ते आयुष्यभर चिकटून होते तिला पाठबळ मिळाले.

थोर पुरुषाचा दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. योसेमिटी दरी ही ओसाड नव्हती. तेथे अहवाहनीची नावाचे मूळ रहिवासी राहत असत. १८५१ साली शस्त्रबळाने त्यांस हुसकावण्यात आले व त्यांची घरे जाळण्यात आली. म्यूर ह्यांनी आपल्या आरंभीच्या लिखाणात अशा लोकांविषयी तुच्छतेचे शब्द वापरले. अलास्कातील टलिंगिट लोकांच्या सहवासात त्यांचे मत पुष्कळ निवळले. तथापि ते शब्द राहिलेच, आणि २०२० साली सिएरा क्लबने त्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्याने झाडाझाडात ईश्वराचा हात पाहिला, त्याला त्या झाडांखाली राहणारा शेजारी ओळखावयास उशीर लागला. हा धडाही आपण घ्यावयाचा आहे. डोंगरावर आपण तळ देतो तेव्हा तेथील ठाकर किंवा धनगर बांधव हे आपले यजमान असतात, हे विसरू नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. म्यूर ह्यांच्या लेखणीचे मोल मोठे आहेच, पण त्यांच्या ध्येयाला यश आले ते पुष्कळदा शेकोटीपाशी. ज्याने एक रात्र वृक्षाखाली काढली, त्याला तो वृक्ष परका राहत नाही. आमचे प्रभूही प्रार्थनेसाठी डोंगरावर जात, आणि प्रसंगी आपल्या निवडक शिष्यांस बरोबर नेत. पालकांनी मुलांच्या बिछान्यात एक जादा घोंगडी जरूर घालावी, शिक्षकांस दहा प्रश्न विचारावेत आणि पुरी खात्री करून घ्यावी. परंतु तेवढे झाल्यावर त्यांना जाऊ द्यावे. एमर्सन ह्यांच्या मित्रांनी जी रात्र वाचविली, ती कोणाच्याच उपयोगी पडली नाही.