लव पाहून पिल्लू ओळखणारा प्राध्यापक

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू हातात घ्या आणि तो कोंबडा की कोंबडी ते सांगा! जन्मभर कोंबड्या पाळणारेही इथे गोंधळतात. तुरा वाढेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, थांबावे लागते. तोवर अंडी कधीच न देणारे कोंबडेही दाणे खातच असतात. हे कोडे सोडवणाऱ्यांत एक नाव विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘पनेटचा चौकोन’ ज्यांचा, तेच हे रेजिनाल्ड क्रंडल पनेट.

त्यांचा जन्म १८७५ साली इंग्लंडमधल्या टनब्रिज गावी झाला. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरूण धरावे लागले, तेव्हा प्राणी-पक्ष्यांची पुस्तके हाती आली आणि त्यांची गोडी लागली. केंब्रिजला ते वैद्यक शिकायला गेले, पण रमले प्राणिशास्त्रात. मेंडेलचे विस्मरणात गेलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. विल्यम बेटसन त्यांचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. पनेट त्यांना येऊन मिळाले आणि वाटाण्यासारख्या फुलझाडांबरोबर कोंबड्यांवरही प्रयोग सुरू झाले.

पनेट क्रिकेटचे शौकीन. गणिती हार्डी हे त्यांचे क्रिकेटमधले सोबती. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी ते हेच. १९०८ साली पनेटनी त्यांच्यापुढे आनुवंशिकतेतली एक अडचण मांडली. हार्डींनी दिलेले उत्तर आज हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून शिकवले जाते. १९१२ मध्ये पनेट केंब्रिजचे आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवू लागल्या आणि इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई झाली. सरकारच्या अन्नोत्पादन खात्यात काम करणाऱ्या पनेटनी सुचवले, की नर पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी काढली, तर त्यांच्यावर खर्च होणारा दाणा वाचेल.

पण ओळखायचे कसे? माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते. (तरी मुलगी झाली की बोल लावला जातो तो आईलाच!) पक्ष्यांत मात्र उलटे, तिथे ते आईकडून ठरते. पिसांच्या रंगाचे काही गुण ज्या गुणसूत्रावर असतात, ते गुणसूत्र कोंबडी फक्त मुलग्यांना देते. मुलींना ते मिळते बापाकडून. म्हणून चंदेरी जातीची कोंबडी आणि तांबूस कोंबडा यांची जोडी लावली, की मुलगे आईसारखे फिकट आणि मुली बापासारख्या तांबूस निघतात. अंगावरची लव पाहिली की निवाडा झाला!

यात एक अडचण होती. दर वेळी दोन वेगळ्या जाती लागत. मग पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांनी १९३० च्या सुमारास कॅम्बार ही नवी जात तयार केली. हिच्यात एकाच जातीच्या आईबापांच्या पिल्लांतले नर लवेच्या फिकटपणावरून ओळखू येत. त्याच काळात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी पिल्लाच्या गुदद्वाराची बारीक तपासणी करून लिंग ओळखण्याची पद्धत बसवली. तिला मात्र तरबेज बोटे आणि तीक्ष्ण नजर लागे. पनेटची युक्ती कोणाही शेतकऱ्याला जमण्यासारखी होती. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक संकरित कोंबड्यांची पिल्ले आजही लवेच्या रंगावरून निवडली जातात.

बेटसनबरोबर १९१० मध्ये त्यांनी सुरू केलेले आनुवंशिकीचे नियतकालिक पुढे हाल्डेन यांच्याकडे आले. १९५७ मध्ये हाल्डेन भारतात स्थायिक झाले, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर इकडे आले. आज ते बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी चालवते. १९४० मध्ये निवृत्त झालेले पनेट १९६७ च्या जानेवारीत वारले.

पिल्लू ओळखता आले, पण त्यातून एक टोचणी मागे राहिली. अंड्यांसाठीच्या जातीतले नर पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची रीत जगभर रुळली. दाणा वाचला तो त्यांच्या जिवावर. जर्मनीने २०२२ पासून आणि फ्रान्सने २०२३ पासून या रीतीला लगाम घातला. तिथे आता अंडी उबत असतानाच तपासून नर वेगळे काढतात. युद्धाच्या टंचाईत पनेटपुढे प्रश्न होता तो दाणा वाचवण्याचा. पोट भरलेल्या जगाला मात्र त्या पिल्लाचाही विचार टाळता येत नाही.